फलाट दोनवरचा योगायोग

योगायोग आपोआप घडतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. अण्णांचं तसं नव्हतं. आपोआप घडण्यावर सोडलं तर या घरात साधा बल्बसुद्धा बदलला जात नाही, मग योगायोग कोण घडवणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. म्हणून एकोणसत्तराव्या वर्षी, शहर सोडायला सहा दिवस उरले असताना, त्यांनी एक योगायोग स्वतःच घडवायला घेतला.

शनिवारी सकाळी सामानाचा ट्रक येणार होता. घर विकलं होतं, नवीन मालकाला किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि अण्णा आणि त्यांची बायको मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. मुलगी राहायची तिकडे जायला रेल्वेनं दीड दिवस लागायचा. त्याआधी अण्णांना एकाच माणसाला भेटायचं होतं. तो म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, छोट्या. छोट्याला सत्तावन्नावं सरत होतं. रक्तात साखर, घरात लग्नाची मुलगी, चष्म्याच्या काचा बशीएवढ्या जाड, पण नाव छोट्याच. दोघांच्या घरांत मेट्रोची चार स्टेशनं एवढंच अंतर, आणि अकरा वर्षं एकमेकांशी एक अक्षर बोलणं नाही.

कशावरून, ते सांगायला अण्णांना हल्ली जरा लाज वाटे. जमीनजुमला असता तर सांगताना बरं तरी वाटलं असतं. भांडण झालं होतं सुपावरून. अण्णा निवृत्त झाले त्या संध्याकाळी सगळं कुटुंब हॉटेलात जेवायला गेलं होतं. कोणी काय खायचं हे चाळीस वर्षं अण्णाच ठरवत आले होते. त्यांनी वेटरला सांगितलं, "आठ टोमॅटो सूप." तर छोट्या, वय वर्षं शेहेचाळीस, म्हणाला, "सात. मी माझं सांगतो. मला मशरूम."

वेटरनं आठाचा आकडा खोडून सात केला. तेही अण्णांच्या डोळ्यांदेखत.

"तुला काय कळतं रे मशरूममधलं?" अण्णा म्हणाले.

"आणि तुम्हाला सगळ्यांच्या पोटातलं कळतं का?" छोट्या म्हणाला.

शब्दानं शब्द वाढला. सूप आलं तेव्हा टेबलाशी सहाच माणसं उरली होती. एक भाऊ पुढच्या दारानं गेला होता, दुसरा मागच्या. आज ना उद्या येईल गयावया करत, असं दोघांनाही वाटलं, आणि आज ना उद्या करता करता अकरा वर्षं गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ तरी कुठे धड जळला होता!

यातली खरी गंमत अशी की दोन्ही जावांचं बोलणं कधीच बंद पडलं नव्हतं. दर गुरुवारी दुपारी त्या तासभर फोनवर असत. छोट्याची साखर किती, अण्णांचे गुडघे कसे, सगळं या कानाचं त्या कानाला कळत होतं. अण्णा त्या वेळी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसत आणि तासाभरात पान उलटत नसत.

"मी लावून देते फोन," बायको म्हणाली. "एका मिनिटाचं काम."

"आणि आधी बोलायचं कोणी?"

"ज्याला तोंड आहे त्यानं."

"मी मोठा आहे."

"म्हणूनच तर म्हणतेय."

"म्हणूनच तर नाही!" अण्णा म्हणाले, आणि विषय संपला.

पण बायकोकडून त्यांनी एक माहिती हळूच काढून घेतली. छोट्या रोज संध्याकाळी सहा दहाच्या गाडीनं त्याच्या स्टेशनवर फलाट दोनला उतरतो. बास. त्या वेळी आपण तिथे सहज असायचं. तो आपल्याला बघणार, चकित होणार आणि म्हणणार, "अण्णा, तुम्ही इकडे कुठे?" म्हणजे आधी बोलला कोण? तो बोलला! पुढे काय बोलायचं याचा अण्णांनी विचार केला नव्हता. पहिलं वाक्य त्याच्या तोंडून पडलं की अकरा वर्षांचा हिशेब मिटला, अशी त्यांची खात्री होती.

समोरच्या दारात निवृत्त पोस्टमास्तर राहत. बायको गेल्यापासून त्यांना दुसऱ्याच्या भानगडी स्वतःच्या घरातल्या वाटू लागल्या होत्या. त्यांना हे कळलं आणि ते खुर्ची घेऊनच आले.

"योगायोगाला तीन गोष्टी लागतात," ते म्हणाले. "जागा, वेळ आणि कारण. जागा आहे, वेळ आहे. पण रिकाम्या हातानं फलाटावर बसलेला माणूस बघितला की लोकांना लगेच कळतं, हा कोणाची तरी वाट बघतोय. तुमच्या हातात काहीतरी पाहिजे."

"पिशवी नेतो."

"पिशवीत काय? विचारलं तर? खोटं बोलायचं तर त्याला बूड पाहिजे हो."

पुष्कळ खल झाला आणि शेवटी मिक्सर ठरला. त्या स्टेशनजवळ एक मिक्सर दुरुस्त करणारा होता. म्हणजे अण्णा मिक्सर दुरुस्तीला घेऊन निघाले होते आणि वाटेत घटकाभर टेकले. किती सरळ! अडचण एकच होती, मिक्सर ठणठणीत होता. पोस्टमास्तरांच्या मते चालू मिक्सर दुरुस्तीला नेणं ही शुद्ध फसवणूक झाली. म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणून खालची एक वायर सैल केली. ती पुन्हा लावता येईल असं ते म्हणाले होते. ती शेवटपर्यंत लागली नाही.

"निघायच्या आठवड्यात माझा मिक्सर!" बायको एवढंच म्हणाली. पण तिनं पिशवी शोधून दिली.

सोमवारी मिक्सरच्या ओझ्यापायी अण्णा रिक्षानं छोट्याच्या स्टेशनवर आले. आत शिरताना पिशवी तपासायच्या यंत्रात गेली आणि यंत्र ओरडलं. रक्षकानं झाकण उघडून भांड्यात नाक घातलं, मोटर उलटी करून पाहिली, पात्यांवर बोट फिरवलं. मागे रांग खोळंबली. "काका, ह्याचं काय आहे?" त्यानं विचारलं. अण्णांनी पाठ केलेलं उत्तर दिलं, "दुरुस्ती." आयुष्यभर सरकारी कचेरीत लोकांचे कागद परत पाठवलेल्या माणसाला भर गर्दीत मिक्सरचा जबाब द्यावा लागला. अण्णांचे कान लाल झाले.

खाली फलाट दोनवर, जाड खांबाला लागून रुळांकडे तोंड केलेला एक बाक होता. अण्णा तिथे बसले. पेपर उघडला. सहा दहाला गाडी आली, दारं उघडली, माणसं भराभरा उतरली. अण्णा पेपरावरून एकेक तोंड न्याहाळत राहिले. छोट्या नाही. सहा एकोणीस, नाही. सहा अठ्ठावीस, नाही. सात वाजून गेले तेव्हा ते उठून वर आले आणि बाहेर पडायच्या फाटकाला कार्ड लावलं, तर फाटक लाल होऊन बंदच. स्टेशनात तासापेक्षा जास्त थांबलं की दंड, हा नियम त्यांना तिथे कळला. दुसऱ्याला नियम दाखवायची त्यांची सवय, आज नियमानं त्यांना दाखवलं.

मंगळवारी बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागला. दुपारभर खोकी बांधून अंग आंबलं होतं. जाग आली तेव्हा सात वाजत आले होते, आणि मांडीवरचा पेपर व्यवस्थित घडी होऊन बाजूला बाकावर होता. झोपेतसुद्धा आपली शिस्त सुटत नाही, याचं अण्णांना कौतुक वाटलं. बाकी दिवस वाया गेला होता. दंड होताच.

"आज दिसला का?" बायकोनं विचारलं.

"तो त्या गाडीनं येतच नसणार. तुझ्या जावेला नीट विचार."

"विचारलं. ती म्हणते, कालपासून उशीर होतोय त्यांना. विचारलं तर म्हणतात, काम आहे."

"असेल काम," अण्णा म्हणाले. मनातून मात्र त्यांना वाईट वाटलं. सत्तावन्नाव्या वर्षी पोराला किती राबवतात!

बुधवारी रक्षक ओळखीचा झाला. "काका, हा मिक्सर रोज जातो कुठे?" त्यानं हसत विचारलं. गुरुवारी तो हसला नाही. गुरुवारी त्यानं वायरलेसवर कोणाला तरी काहीतरी सांगितलं, आणि साडेसहाला दोन माणसं बाकाशी येऊन उभी राहिली. "जरा वर चला काका. पिशवी आमच्याकडे द्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. स्टेशनच्या नियंत्रण कक्षात एका भिंतीवर वीस-पंचवीस पडदे होते आणि त्यांच्यासमोर एक कंट्रोलर बाई संत्रं सोलत बसल्या होत्या. वय अण्णांच्या मुलीएवढं. त्यांनी संत्रं बाजूला ठेवलं आणि एक फॉर्म पुढे केला.

"चार दिवस तुम्ही येता, पिशवीत मोटर असते, एकाही गाडीत बसत नाही आणि तासाच्या वर बसून जाता. आम्हाला लिहून द्यावं लागेल काका. इथे कारण लिहा."

अण्णांनी लिहिलं, 'वैयक्तिक'.

"वैयक्तिक चालत नाही."

अण्णांनी ते खोडून लिहिलं, 'मिक्सर'.

बाईंनी फॉर्मकडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं, आणि अण्णांकडे पाहिलं. "काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्या 'ठीक आहे ना'नं अण्णांचा बांध फुटला. पोलीस, दंड, जप्ती, सगळ्याला ते तोंड द्यायला तयार होते, पण कोणी मायेनं विचारेल याची तयारी नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. शनिवारचा ट्रक, छोट्या, सहा दहाची गाडी. सूपसुद्धा सांगितलं.

"मशरूमवरून?" बाईंनी विचारलं.

"तसं तत्त्वाचं होतं," अण्णा म्हणाले. "आणि तो येतच नाही हो. चार दिवस बसतोय मी. आता हे खरं म्हणून तुम्हाला पटवू तरी कसं?"

"थांबा. तुम्ही चार दिवस काय केलंत हे मला तसंही बघायचंच आहे." बाईंनी एका पडद्यावर सोमवार लावला.

पडद्यावर बाक दिसला. बाकावर एक म्हातारा दिसला, पाठीत वाकलेला, मांडीवर पिशवी धरलेला. हा कोण म्हणून अण्णांनी जरा निरखून पाहिलं, तेव्हा ते स्वतःच होते. गाडी आली, माणसं उतरली, पडद्यावरचे अण्णा मान उंचावून बघायला लागले. आणि गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यातून उतरलेला एक माणूस मागच्या बाजूनं चालत आला आणि खांबाच्या मागे येऊन थबकला.

खांद्याला पट्ट्याची बॅग. डोक्यावर विरळ केस. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि बाकाकडे पाहत राहिला.

"हाच का?" बाईंनी विचारलं.

अण्णांनी मान हलवली.

छोट्या खांबामागे उभाच होता. अण्णांच्या पाठीपासून चार पावलांवर. अण्णा पुढून येणारं एकेक तोंड शोधत होते आणि ज्याला शोधत होते तो मागे उभा होता. एकदा त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा मागे घेतलं. मग मागच्या जिन्यानं निघून गेला. बाईंनी पडद्यावरची वेळ पाहिली. वीस मिनिटं.

त्यांनी मंगळवार लावला. अण्णा बाकावर झोपलेले, तोंड उघडं, पेपर मांडीवरून घसरून खाली पडलेला. छोट्या खांबामागून बाहेर आला. चोरपावलांनी बाकापर्यंत आला, पेपर उचलला, त्याची नीट घडी घातली आणि अण्णांच्या शेजारी ठेवला. ठेवल्यावर वाकलेलाच राहिला क्षणभर. मग पुन्हा खांबामागे जाऊन उभा राहिला.

"बंद करा," अण्णा म्हणाले. आणि लगेच म्हणाले, "नको. बुधवार लावा."

बुधवारी वीस मिनिटं. आज, गुरुवारी, दोन माणसं अण्णांना उठवून घेऊन गेली तेव्हा तो खांबामागून धावत चार पावलं पुढे आला होता आणि जिन्याखाली वर बघत उभा राहिला होता. आजही वीसच मिनिटं.

"अहो, मग बोलत का नाही हा?" बाई चिडल्या. "तुम्ही दोघं आहात किती वर्षांचे? मी आत्ता घोषणा करते. की फोन लावू?"

"नको!" अण्णा जवळजवळ ओरडले. "बाई, हात जोडतो. उद्याचा एक दिवस आहे. उद्या मीच काय ते करतो. तुम्ही काही करू नका."

बाईंनी फॉर्म पुन्हा समोर घेतला, कारणाच्या रकान्यात स्वतःच लिहिलं, 'नातेवाइकांची भेट', आणि शिक्का मारला.

घरी गेल्यावर अण्णांनी सगळं बायकोला सांगितलं. ती खोक्यावर बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मग भडकलीच. "उद्या वळायचं! मागे वळायचं आणि हाक मारायची. एवढं कठीण आहे?" पोस्टमास्तरांनी डावीकडून वळावं, म्हणजे खांब आड येणार नाही, असा सल्ला दिला. जाताना मात्र म्हणाले, "मला कोणी उभं राहून बघणारं असतं ना, तर मी दोन्हीकडून वळलो असतो."

शुक्रवारी अण्णांनी दाढी केली. सगळे कपडे खोक्यात गेले होते. एक खोकं पुन्हा फोडून बायकोनं बरा शर्ट काढला, आणि इस्त्री कोणत्या खोक्यात गेली ते सापडेना म्हणून तो ओल्या हातानं दाबून दाबून सारखा केला. मिक्सर घरीच राहिला. रक्षकानं रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि सलाम केला.

सहा दहाची गाडी आली. अण्णांनी या वेळी पुढे पाहिलं नाही. समोर रुळांकडे बघत राहिले. माणसं उतरून गेली, फलाट शांत झाला, आणि त्यांना कळलं की तो आला. कसं कळलं विचाराल तर सांगता येणार नाही. छोट्या चालायला शिकला तो अण्णांच्या बोटाला धरून. तो मागे आहे की नाही हे कळायला अण्णांना कधी वळावं लागलं नव्हतं.

आता वळायचं. डावीकडून. "काय रे," एवढंच म्हणायचं. अण्णांनी बाकाची कड धरली. वळलो आणि तो निघून गेला तर? दचकून, लाजून, रागानं, कसाही, पण गेला तर? तर आयुष्यभर त्याची पाठच आठवत राहणार. न वळलं तर तो निदान उभा तरी आहे. आपल्याला बघतो तरी आहे.

मोठ्या भावाची ऐट असते असं लोक म्हणतात. अकरा वर्षं अण्णाही तेच समजत होते. त्या बाकावर त्यांना कळलं की ती ऐट कधीच संपली होती. उरली होती नुसती भीती.

ते ताठ बसले. कालच्या पडद्यावरचा तो वाकलेला म्हातारा त्यांना आवडला नव्हता. छोट्यानं शेवटचं तसं बघू नये. त्यांनी पाठ सरळ केली, कॉलर नीट केली. मग थोड्या वेळानं चेहरा जरासा डावीकडे केला, वळण्यापुरता नाही, बाजूनं दिसण्यापुरता. नुसती पाठ बघून काय कळणार त्याला? दाढी केलेली तरी दिसू दे. फोटोवाला सांगतो तशी हनुवटी थोडी वर धरून अण्णा बसून राहिले. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसलं तर हात वर जाईल आणि त्याला कळेल म्हणून तसंच वाहू दिलं.

तास भरायच्या आत ते उठले आणि मागे न बघता वर आले. कार्ड लावलं, फाटक पहिल्यांदाच हिरवं झालं. पलीकडे कंट्रोलर बाई उभ्या होत्या, वायरलेस हातात, डोळे लाल.

"काका, तो होता ना! तुमच्या मागेच होता! वळायचं ना!"

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "किती वेळ होता?"

"होता काय! अजून तिथेच आहे. गेलाच नाही. तुम्ही उठून गेलात आणि तो येऊन तुमच्या जागेवर बसलाय. तिथेच, बाकावर. चला, मी फाटक उघडते."

अण्णांनी फाटकाच्या दांडीवर हात ठेवला. एक पायही उचलला. मग तो खाली ठेवला.

"नको बाई. मी समोर आलो की तो उठून उभा राहतो. लहानपणापासून सवय आहे त्याला. मोठा भाऊ उभा असेल तर बसत नाही." अण्णांनी दांडीवरचा हात काढला. "आठवडाभर उभाच होता. बसू दे त्याला."

"मग निदान परतीच्या गाडीनं जा. एक नंबरला तीन मिनिटांत आहे."

"एक नंबर म्हणजे त्याच्या समोरचाच फलाट. तिथून दिसेन मी. उठेल तो." त्यांनी कार्ड खिशात टाकलं. "बसनं जातो मी."

"दोन बस बदलाव्या लागतात काका. गर्दी असते आता."

"बदलीन." अण्णा दोन पावलं गेले आणि पुन्हा मागे आले. "बाई, तुमच्या त्या पडद्यावर दिसतोय ना तो? रडत तर नाही ना?"

बाईंनी नियंत्रण कक्षाच्या काचेतून आतल्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कॅमेऱ्यात तेवढं कळत नाही, काका," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली, कठड्याला धरून एकेक पायरी चढत रस्त्यावर आले आणि बसच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.